तीन सीझनचे आकडे हाताशी असूनही टीम का पडते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हाला दिसेल. प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगच्या फॅन्टसी खेळासाठी, म्हणजे एफपीएलसाठी (ठरलेल्या पैशात खेळाडू घ्यायचे, ते खऱ्या सामन्यात जे करतील त्याचे गुण आपल्याला), तुम्ही मागच्या तीन सीझनचे प्रत्येक खेळाडूचे गुण एका शीटमध्ये उतरवले. बेरजेला किमतीनं भागलं आणि वरून खाली येत पंधरा जण उचलले. मग दर आठवड्याला त्या पंधरांतून अकरा काढताना शेवटच्या तीन सामन्यांचे गुण पाहिले. एवढं करून विजयनगरच्या होस्टेलमधल्या दहा जणांच्या लीगमध्ये तुम्ही नववे. पहिला जो आहे, तो म्हणे नुसत्या मॅच बघतो आणि मनाला येईल ती टीम लावतो. तेव्हा जुन्या आकड्यांचा काही उपयोग असतो का, आणि असेल तर तीन सीझन बघायचे की तीन सामने?

माझी ओळख एवढीच, की मी इथे इंदूरच्या दवा बाजारात एका स्टॉकिस्टकडे एकवीस वर्षं मागणीचा अंदाज बांधतोय. कुठलं औषध कुठल्या महिन्यात किती खपेल, हे जुन्या विक्रीवरून काढायचं. एफपीएल हा माझा बारावा सीझन. दोन्हीकडे सारख्याच चुका करून झाल्या आहेत, म्हणून लिहितोय.

तीन सीझन की तीन सामने, हा मला खरा प्रश्न वाटत नाही. घोटाळा त्याच्या आधीच झालाय. तुम्ही 'गुण' मोजले, आणि गुण म्हणजे बिलाच्या तळाची रक्कम. बिल ९४० रुपयांचं झालं यावरून गिऱ्हाईकानं काय नेलं, ते पुढच्या महिन्यात परत लागेल की नाही, हे काहीच कळत नाही. बिल उलगडावं लागतं.

उलगडायचं पहिलं कारण म्हणजे नियमच बदलतात. २०२५-२६ पासून बचावाच्या कामाचे गुण सुरू झाले: डिफेंडरनं एका सामन्यात टॅकल (चेंडू हिसकावणं), इंटरसेप्शन (पास मधेच पकडणं), क्लिअरन्स (चेंडू दूर फेकणं) आणि ब्लॉक (फटका अडवणं) मिळून दहा केले की २ गुण. मिडफिल्डर-फॉरवर्डला बारा लागतात, पण त्यांच्या मोजणीत चेंडू परत मिळवणंही धरतात. म्हणजे दिवसभर चेंडू बाहेर फेकणारा मधला डिफेंडर तुमच्या तीन वर्षांच्या बेरजेत मुकाट खाली पडलाय, कारण तेव्हा त्या कामाला भावच नव्हता. तसंच खेळाडूच्या जागेचं. आर्सेनलचा हावर्ट्झ २०२३-२४ मध्ये या खेळात मिडफिल्डर होता, पुढच्या सीझनला त्याला फॉरवर्ड केलं. मिडफिल्डरच्या गोलाला ५ गुण, फॉरवर्डच्या गोलाला ४. त्यानं २०२३-२४ मध्ये लीगमध्ये १३ गोल केले होते. तेच १३ गोल फॉरवर्ड म्हणून केले असते तर तेरा गुण कमी, शिवाय मिडफिल्डरला क्लीन शीटचा (संघावर एकही गोल न झाल्याचा) एक गुण मिळतो तोही गेला. माणूस तोच, पाय तेच, बेरीज वेगळी.

म्हणून गुण पुसून टाका आणि शीटमध्ये हे रकाने करा: खेळलेली मिनिटं, सुरुवातीच्या अकरात किती वेळा होता, पेनल्टी सोडून एक्सजी (अपेक्षित गोल, खाली सांगतो), पेनल्टी कोण मारतो, असिस्टच्या (गोलाआधीच्या पासच्या) बाजूनं तसाच अपेक्षित आकडा, आणि डिफेंडर असेल तर त्याच्या संघावर समोरच्यांनी किती एक्सजी काढला ते. मग आजच्या नियमांनी गुण तुम्हीच लावा.

एक्सजी तुम्हाला माहीत असेल, तरी दोन ओळीत: तशा जागेवरून, तशा तऱ्हेनं मारलेले फटके पूर्वी किती वेळा आत गेले, त्यावरून प्रत्येक फटक्याला शून्य ते एकच्या मधला आकडा देतात. पेनल्टीला पाऊणच्या थोडा वर, लांबून मारलेल्या फटक्याला शंभरात तीन-चार. गोल किती झाले यापेक्षा संधी किती मिळाल्या, हे त्यातून दिसतं. आणि संधी मिळणं हे गोल होण्यापेक्षा जास्त टिकाऊ असतं. २०२२-२३ पासून एफपीएलच्या साइटवरच हे आकडे दिसतात, पैसे भरून कुठे जायची गरज नाही.

गोलांवरच विसंबलं तर काय होतं, त्याचं मला सगळ्यात जास्त झोंबलेलं उदाहरण लेस्टर या क्लबचं आहे. २०१५-१६ मध्ये ते चँपियन झाले, वार्डीचे २४ गोल, माहरेझचे १७. माहरेझ त्या सीझनला खेळातल्या अवघ्या ५.५ किमतीला सुरू झाला होता, आणि मी त्याला उशिरा घेतला याची मला हळहळ. म्हणून पुढच्या वर्षी वाढलेल्या किमतीत पहिल्याच दिवशी दोघं घेतले. वार्डी १३, माहरेझ ६. त्यांचा मधल्या फळीतला कांते चेल्सीला गेला होता, मधल्या आठवड्यात युरोपातल्या चँपियन्स लीगचे सामने आले होते, प्रतिस्पर्धी लेस्टरला ओळखून मागे बसायला लागले होते. यातलं काहीही मागच्या वर्षीच्या गुणांच्या रकान्यात लिहिलेलं नव्हतं. लिव्हरपूलचा सालाहसारखा सालाह घ्या: २०१७-१८ ला ३२ गोल, पुढच्या वर्षी २२. २२ म्हणजे काही पडझड नव्हे, त्या वर्षी तो गोल्डन बूटच्या, म्हणजे सर्वाधिक गोलांच्या पुरस्काराच्या, वाटेकऱ्यांत होता. पण ३२ च्या भावानं ज्यांनी हिशेब केला, त्यांचा हिशेब चुकला. असामान्य वर्षानंतर साधारण चांगलं वर्ष येणं, हेच नेहमीचं.

आता तुमच्या 'तीन सीझन की तीन सामने' कडे येतो. माझं उत्तर एका रकान्याला एक, दुसऱ्याला दुसरं असं आहे. जी गोष्ट लवकर बदलते ती अलीकडच्या आकड्यांतून वाचायची, जी सावकाश बदलते ती लांबच्या. मिनिटं, मैदानावरची जागा, पेनल्टी-कॉर्नर कोण घेतो, या गोष्टी मॅनेजरच्या एका निर्णयानं एका दिवसात पालटतात. इथे मी शेवटचे पाच-सहा सामनेच बघतो, दोन वर्षांपूर्वी तो किती खेळला याला काडीची किंमत देत नाही. गोल करण्याचं कसब, दुखापतीची खोड, संघ एकंदर किती संधी देतो-घेतो, हे हळू सरकतं. तिथे तीन सामने म्हणजे नुसता गोंगाट. तुम्ही नेमकं उलटं केलंत: खेळणार का हे तीन वर्षांवरून ठरवलंत आणि गोल मारणार का हे तीन सामन्यांवरून.

दवा बाजारातला माझा एक फजितीचा किस्सा सांगतो. एका सप्टेंबरात आमच्याकडे एका अँटिबायोटिकची विक्री अचानक अडीचपट झाली. मी खुशीत पुढच्या महिन्याची ऑर्डर वाढवली. नंतर कळलं की एका मोठ्या रुग्णालयानं एकदाच घाऊक माल उचलला होता. पेट्या मुदत संपेपर्यंत पडून राहिल्या. त्याच्या उलट दुसरी चूक: एका गोळीची विक्री दोन महिने शून्य दिसली म्हणून मी ती यादीतून काढायला निघालो, तर आमच्या गोडाऊनच्या जुन्या माणसानं हटकलं, "अहो साहेब, मागणी होती, माल नव्हता." तेव्हापासून शून्य दिसलं की मी आधी विचारतो: मागणी शून्य की साठा शून्य? खेळाडूचंही हेच. बेरीज ९० गुणांची असेल तर तो ३८ सामने रडतखडत खेळला की १६ सामने खेळून गुडघ्यानं घरी बसला, हे बघितल्याशिवाय ९० ला अर्थ नाही.

मग 'दर नव्वद मिनिटांना किती' हा हिशेब लावला की सुटलो, असं वाटतं. तिथेही खड्डा आहे. जो दर वेळी पंचाहत्तराव्या मिनिटाला उतरतो, तो दमलेल्या बचावासमोर, मोकळ्या मैदानात खेळतो. त्याचा नव्वद मिनिटांचा दर फुगलेला असतो. हजारभर मिनिटं भरेपर्यंत मी असा दर धरतच नाही, आणि धरला तरी खाली सांगतो तसा दाबून धरतो.

दाबणं म्हणजे काय? समजा एका स्वस्त फॉरवर्डनं पाच सामन्यांत ४ गोल केले. दर ०.८. त्याच्यासारख्या किमतीचे, त्याच्यासारख्या संघातले फॉरवर्ड साधारण ०.३ च्या दरानं गोल करतात असं धरा. मी त्याच्या पाच सामन्यांत गटाच्या दरानं खेळलेले दहा काल्पनिक सामने मिसळतो. ४ गोल त्याचे, ३ गोल गटाचे, मिळून पंधरा सामन्यांत ७, म्हणजे ०.४७. आता दुसरा एक घ्या, ज्यानं वीस सामन्यांत १२ गोल केलेत. दर ०.६, पहिल्यापेक्षा कमी. मिसळल्यावर तीस सामन्यांत १५, म्हणजे ०.५. दुसरा वर गेला. पुरावा लांबचा आहे म्हणून त्याच्यावर विश्वास जास्त. हा 'दहा' आकडा कुठल्या ग्रंथातला नाही, माझ्या सवयीचा आहे. तुम्ही आठ घ्या, बारा घ्या, फार बिघडत नाही. न मिसळणं मात्र महाग पडतं. मिसळताना खऱ्या गोलांऐवजी एक्सजी वापरला तर आणखी चांगलं.

पुक्की आठवतो का? नॉर्विचचा. २०१८-१९ मध्ये खालच्या डिव्हिजनमध्ये २९ गोल, मग २०१९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात प्रीमियर लीगच्या पहिल्या पाच सामन्यांत ६. निम्म्या जगानं त्याला घेतलं, मीही घेतला. उरलेल्या सगळ्या सीझनमध्ये त्यानं आणखी ५ केले आणि नॉर्विच खाली गेलं. नव्यानं वर आलेल्या संघांचे जुने आकडे मी तर फारच कापून घेतो. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही सीझनमध्ये वर आलेले तिन्ही संघ एका वर्षात परत खाली गेले, इतकं ते अंतर मोठं आहे.

समोर कोण होतं हेही बघावं लागतं, आणि हे इंदूरकराला सांगायला मला फार लांब जावं लागत नाही. १९४५-४६ च्या रणजी हंगामात होळकर संघानं याच गावात, यशवंत क्लबच्या मैदानावर म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ केल्या. एका डावात सहा शतकं! सी. के. नायडू, सरवटे, निंबाळकर, जगदाळे, भांडारकर, प्रतापसिंग. आमच्या आजोबांना ती नावं पाठ होती. पण त्या डावावरून या सहांपैकी कोण पुढच्या सामन्यात खेळवावा हे ठरवायला गेलात, तर काय हाती लागेल? सगळेच शतकवीर. त्या दिवशी खेळपट्टी आणि गोलंदाजी काय होती, ते आधी बाजूला काढावं लागेल. फुटबॉलात एखाद्या दुबळ्या संघाला चार गोल मारले गेले की तेच होतं: चार जणांच्या नावापुढे गोल लागतात, आणि आपण चौघांनाही 'फॉर्मात' म्हणतो.

डिफेंडर-गोलकीपरच्या बाबतीत समोर कोण आहे हा हिशेब तर फारच सोपा आहे. समोरचा संघ साधारण १ गोल करेल अशी अपेक्षा असेल, तर एकही गोल न होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के. १.५ अपेक्षा असेल तर २२. २ असेल तर १३-१४. क्लीन शीटचे ४ गुण, म्हणजे सोप्या आणि कठीण सामन्यात दीडेक गुण आणि अर्धा गुण असा फरक. ही अपेक्षा काढायला मी समोरच्या संघाचा शेवटच्या दहा-बारा सामन्यांतला एक्सजी आणि आपल्या संघावर निघालेला एक्सजी यांची सरासरी घेतो, सामना घरचा असेल तर थोडा कमी करतो. बस. यातून एक सवय लागली: स्वस्त डिफेंडर मी सामन्याप्रमाणे अदलाबदल करतो, पण महागडा फॉरवर्ड सामना कठीण आहे म्हणून कधी बेंचवर (पंधरांतल्या चार राखिवांत) बसवत नाही. त्याला घेतलाच आहे खेळवायला.

आता दर आठवड्याचे अकरा. तुमचं घोडं खरं इथे पेंड खातंय असं मला वाटतं. शेवटच्या एका जागेसाठी दोन मिडफिल्डर आहेत असं धरू. पहिला मधल्या फळीतल्या संघाचा, जवळजवळ नक्की खेळणार, ९५ टक्के. नव्वद मिनिटांत त्याचे गोल ०.१५, असिस्ट ०.१२, क्लीन शीटची शक्यता ३०. खेळल्याचे २, गोलाचे ०.७५, असिस्टचे ०.३६, क्लीन शीटचे ०.३०, मिळून ३.४. दुसरा मोठ्या संघाचा विंगर (कडेनं खेळणारा): गोल ०.४०, असिस्ट ०.२५, क्लीन शीट ४०. त्याचे होतात ५.१५. कागदावर दुसरा खूपच पुढे. पण त्याच्या संघाला बुधवारी युरोपात खेळायचंय, आणि त्याची सुरुवातीपासून खेळण्याची शक्यता ५५ टक्केच आहे. ३० टक्के तो शेवटी वीस मिनिटं येईल, त्याचे धरू १.७. उरलेले १५ टक्के तो मैदानात येणारच नाही, मग बेंचवरचा आपोआप आत येईल आणि ३ देईल. सगळं मिळवलं की ३.८. पहिल्याचे, त्याच्याही बेंचचा पाच टक्के हिस्सा धरून, ३.४. फरक उरला चार दशांश. आणि विंगरची सुरुवातीची शक्यता ४० वर आली, वीस मिनिटं यायची शक्यता ५० झाली, तर तो ३.२ वर येतो आणि पहिला जिंकतो.

यातली खोच बघा. खेळाडू अजिबात न उतरणं हे सगळ्यात वाईट नाही, कारण तेव्हा बेंच धावून येतो. सगळ्यात वाईट म्हणजे तो ८२ व्या मिनिटाला उतरणं. एक गुण पदरात, आणि बेंचवरच्याचे आठ गुण तिथेच बसलेले. मँचेस्टर सिटीत ग्वार्डिओला या मॅनेजरच्या हाताखालचे, आलटून-पालटून खेळवले जाणारे खेळाडू घेणाऱ्यांनी हे दुःख पुरेपूर भोगलंय. म्हणून मोठ्या संघाचा अधूनमधून खेळणारा खेळाडू घेताना मी 'खेळेल की नाही' विचारत नाही, 'खेळणार नसेल तर पूर्ण बसेल की शेवटी येईल' हे विचारतो. शेवटच्या सहा सामन्यांतली त्याची मिनिटं ओळीनं लिहिली की उत्तर दिसतं. ९०, ०, ९०, ७८, ०, ९० असेल तर चालेल. ६१, १८, २४, ७०, १२, ९ असेल तर नको.

पेनल्टीचं एक वेगळं सांगतो, कारण ती आकड्यांत लपते. पामरनं २०२३-२४ मध्ये चेल्सीसाठी २२ गोल केले, त्यातल्या ९ पेनल्टी. पेनल्टी मारायचा हक्क त्याच्याकडे राहिला तोवर ते नऊ खरेच. पण संघाला दर वर्षी तेवढ्या मिळतीलच असं नाही, आणि हक्क दुसऱ्याकडे गेला तर रातोरात जातो. म्हणून मी पेनल्टीचा रकाना वेगळा ठेवतो आणि शेवटी जोडतो. कॅप्टनचे गुण दुप्पट होतात, तिथे हा रकाना दोनदा मोजला जातो, हे लक्षात असू द्या. कॅप्टनसाठी माझी आवड सरळ आहे: नक्की खेळणारा, पेनल्टी मारणारा, घरच्या मैदानावर. बाकी हुशारी बहुतेक वेळा मला महागात पडली आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, मी इथून सांगू शकत नाही. तुम्ही नववे आहात, आणि पुढे किती आठवडे उरलेत त्यावर धोका किती घ्यायचा ते ठरेल. वीस आठवडे असतील तर नुसत्या अपेक्षित गुणांच्या मागे जा, फरक भरून निघतो. सहाच उरले असतील तर पुढच्यांकडे जे खेळाडू आहेत तेच घेऊन तुम्ही त्यांना गाठणार नाही, तेव्हा थोडा कमी अपेक्षेचा पण त्यांच्याकडे नसलेला खेळाडू चालतो. मॅनेजर नुकताच बदलला असेल, तर त्या संघाचे मिनिटांचे जुने आकडे तीन-चार सामने विसरा. आणि एका गुणाच्या फरकासाठी ४ गुण देऊन जादा ट्रान्सफर (पंधरांतला खेळाडू बदलणं) करू नका. फुकटची ट्रान्सफर आता पाचपर्यंत साठवता येते, ती साठवा.

तुमचा तो मनाला येईल तसं खेळणारा मित्र पहिला का, हेही विचारलंत. दहा जणांत कोणीतरी पहिला असतोच. पण त्याला फार हिणवू नका. जो मॅच बघतो त्याला कोण कुठल्या जागेवर खेळतोय, कॉर्नर कोण घेतोय, कोण साठाव्या मिनिटाला लंगडत बाहेर गेला, हे आकड्यांच्या आधी दिसतं. म्हणजे लवकर बदलणारे रकाने तो डोळ्यांनी भरतोय. तुमच्या शीटला नेमके तेच रकाने नाहीत. त्याला एक दिवस छप्पन दुकानावर पोहे खाऊ घाला आणि विचारून घ्या.

एक बाजूची गोष्ट: हे सगळं फुकटच्या एफपीएलसाठी सांगतोय. पैसे लावून खेळायच्या ॲपवर हीच पद्धत चालेल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या केंद्राच्या कायद्यानं बंदी घातली आहे. तो विषय माझ्याकडून बंद.

आणि वेळेचं बघा. डेडलाइन पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी असते. शनिवारी तिकडच्या साडेबाराचा सामना पहिला असेल तर डेडलाइन आपल्याकडे दुपारी साडेतीनला, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेचार. अकरा जणांची यादी त्यानंतर येते, म्हणून ती बघून टीम लावता येत नाही. पण मॅनेजर लोक गुरुवारी-शुक्रवारी पत्रकारांशी बोलतात, कोण जखमी ते तिथे कळतं. मी शुक्रवारी रात्री जेवणानंतर मिनिटांचा रकाना दुरुस्त करतो, शनिवारी जेवून उठलो की बेंचचा क्रम लावतो. बेंचच्या पहिल्या जागेवर नेहमी तो, जो नक्की नव्वद मिनिटं खेळणार आहे, मग तो कितीही कंटाळवाणा असो. तुमच्या शीटमध्ये ते सहा-सहा सामन्यांचे मिनिटांचे आकडे भरून झाले की पंधराही नावं लिहून टाका, मी बघतो.